गावी निघालेला चीन

आजचा विषय चीनमधला आहे. पण गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळवायचा ज्यांनी कधी प्रयत्न केला असेल, त्यांना तो परका वाटणार नाही.

चिनी भाषेत 'चुनयुन' असा एक शब्द आहे. 'चुन' म्हणजे वसंत आणि 'युन' म्हणजे वाहतूक. वसंतोत्सव, म्हणजेच चांद्र नववर्ष, हा तिथला सर्वांत मोठा सण. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान तो केव्हातरी येतो. नाव वसंताचं असलं तरी दिवस कडाक्याच्या थंडीचे असतात; उत्तरेकडे तर नद्या गोठलेल्या असतात. सणाच्या आधीचे साधारण पंधरा दिवस आणि नंतरचे पंचवीस, अशा चाळीस दिवसांच्या जाण्यायेण्याला चुनयुन म्हणतात.

२०१९ साली या चाळीस दिवसांत जवळपास ३०० कोटी प्रवास झाले. प्रवास म्हटलं मी, प्रवासी नाही. एखादा माणूस बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस असा गावी गेला आणि तसाच परत आला, तर तो एकटाच सहा वेळा मोजला जातो. अलीकडे बातम्यांत ९०० कोटींचा आकडा दिसतो. माणसं काही एकाएकी तिप्पट झाली नाहीत. खासगी मोटारींचे प्रवासही हिशोबात धरू लागले, म्हणून तो आकडा फुगला.

आता तुम्ही म्हणाल, सण तर सगळीकडेच असतात, मग एवढा लोंढा इथेच का? त्यासाठी एका कायद्याकडे जावं लागतं. १९५८ साली चीनने 'हुकौ' नावाची कुटुंबनोंदणी सक्तीची केली. प्रत्येक माणसाची नोंद एका ठिकाणी, एकतर शेतकरी म्हणून नाहीतर बिगरशेतकरी म्हणून. धान्याची कुपनं, घर, शाळा, दवाखाना, सगळं त्या नोंदीला बांधलेलं. शेतकरी शहरात गेला तर खाणार काय, असाच प्रश्न होता. पुढे १९८० मध्ये शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं, दक्षिणेत कारखाने उभे राहिले आणि त्यांना माणसं हवी झाली. माणसं आली. नोंद मात्र गावीच राहिली.

याचा अर्थ घरात काय होतो ते बघा. नवरा-बायको क्वांगतुंग प्रांतातल्या कारखान्यात कामाला, राहायला कामगारांची खोली, एकावर एक पलंग टाकलेली. पोराला आणावं तर शहरातली सरकारी शाळा दाराशीच अडवते किंवा जास्तीचे पैसे मागते. कशीबशी शाळा मिळालीच, तरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा बहुतेकांना नोंदणीच्या प्रांतातच जाऊन द्यावी लागते. मग पोर राहतं आजी-आजोबांकडे. अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या २०१३ च्या एका अहवालात ६ कोटी १० लाख होती. २०१६ मध्ये सरकारने ९० लाखांवर आणली! आधी आईवडिलांपैकी एकजण जरी बाहेरगावी असला तरी मूल मोजत, आणि तेही अठरा वर्षांपर्यंत. नव्या व्याख्येत दोघंही बाहेर असायला हवेत, किंवा मागे राहिलेला सांभाळायला असमर्थ, आणि मूल सोळाच्या आतलं. घट आहे ती मुख्यतः व्याख्येतली.

आपल्या चाकरमान्याशी तुलना केली तर फरक इथे आहे. त्याचं रेशनकार्ड गावी राहिलं, तरी त्याचं पोर मुंबईच्या महापालिका शाळेत जाऊ शकत होतं. चीनमधल्या कितीतरी मुलांना मात्र आईचं तोंड वर्षातून एकदाच दिसतं. नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर एकत्र जेवतं. उत्तरेत वाफाळलेली च्याओझं, म्हणजे सारण भरलेल्या पारी असतात, आणि अनेक घरांत अख्खा मासा. 'मासा' आणि 'शिल्लक' या शब्दांचा उच्चार चिनीत एकच, म्हणून काहीजण थोडा मासा मुद्दाम ताटात ठेवतात. त्या जेवणापर्यंत घरी पोचायचं, हीच काय ती मुदत.

ही मुदत किती कडक असते ते २००८ च्या जानेवारीत दिसलं. दक्षिण चीनमध्ये सवय नसलेला बर्फ पडला. हुनान प्रांतात विजेच्या तारा तुटल्या आणि बीजिंग ते क्वांगचौ मार्गावरच्या विजेवरच्या गाड्या बंद पडल्या. क्वांगचौ स्टेशनाबाहेर लाखो माणसं दिवसचे दिवस पावसात उभी. पंतप्रधान वन च्यापाओ छांगशा स्टेशनात आले आणि हातात भोंगा घेऊन त्यांनी प्रवाशांची माफी मागितली. यंदा इथेच सण करा, असं सरकार सांगत होतं. काहींनी ऐकलं, पण असंख्य लोक जागचे हलले नाहीत. मला तो हट्ट वाटत नाही. भेट चुकली की पुढची वर्षाने, हे ज्याला माहीत आहे तो उभाच राहणार.

त्यानंतर रेल्वे झपाट्याने बदलली. २०१२ अखेर बीजिंग ते क्वांगचौ हे सुमारे २३०० किलोमीटरचं अंतर आठ तासांवर आलं. पण वेगवान गाडीचं भाडं जड, म्हणून जुन्या हिरव्या, संथ गाड्याही ठेवाव्या लागल्या. क्वांगतुंगहून शेजारच्या क्वांगशी प्रांतात हजारो कामगार मोटारसायकलवरून निघत, मागे बायको, गुडघ्यांना प्लास्टिक गुंडाळलेलं. वाटेत कुठे कुठे त्यांना गरम पेज मिळे. तिकिटं ऑनलाइन झाली तेव्हा संगणक न वापरलेले कामगार मागे पडले. रांग क्रूर होती खरी, पण तिथे निदान उभं राहता येत होतं.

२०२० साली वुहान शहर २३ जानेवारीला बंद झालं, नववर्षाच्या दोन दिवस आधी. तोवर पन्नास लाख माणसं बाहेर पडली होती, असं महापौरांनीच सांगितलं. साथ पसरण्यात चुनयुनचा वाटा मोठा होता, तो असा. पुढच्या वर्षी सरकारने आहे तिथेच सण करायचं आवाहन केलं.

अलीकडे नोंदणीचे नियम लहान आणि मध्यम शहरांत बरेच सैल झालेत. बीजिंग-शांघायसारखी शहरं मात्र अजून घट्ट आहेत. आणि एक नवी रीत दिसते, उलटी चुनयुन. गावचे आईवडीलच खारवलेलं मांस, सॉसेज बांधून मुलांकडे शहरात जातात. त्या दिशेच्या गाड्यांना गर्दी कमी, कधी भाड्यातही सूट. पण हे जमतं शहरात स्वतःचं घर केलेल्यांना. कामगारांच्या खोलीतल्या वरच्या पलंगावर म्हाताऱ्या आईला कुठे चढवणार? ते लोक अजूनही हिरव्या गाडीनेच गावी जातात.

बरं, आता प्रश्न घेऊया.