रक्तविकारांवरील मूलपेशी प्रत्यारोपण : प्रगती आणि पूर्वतयारी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व विभागवार वृत्तांताबरोबरच एखाद्या आजाराविषयी अथवा उपचारपद्धतीविषयी माहितीपर लेख देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. यंदा त्यासाठी मूलपेशी प्रत्यारोपण हा विषय निवडला आहे. थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे आईवडील आम्हांस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे रक्त चढवणं कायमचं कधी थांबेल?" आणि देणगीदार विचारतात, "आपल्याकडे प्रत्यारोपण होत नाही, मग आमच्या देणगीने नेमके काय साधते?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत. ती येथे उलगडून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

रक्त तयार होते कोठे?

हाडांच्या पोकळीत असणाऱ्या मऊ ऊतीस अस्थिमज्जा म्हणतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी तिचा काहीही संबंध नाही. नावातील साधर्म्यामुळे अनेक कुटुंबांच्या मनात उगीचच धास्ती निर्माण होते, म्हणून हे आरंभीच स्पष्ट करतो. या अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका या सर्वांची निर्मिती त्यांच्यापासूनच होते. थॅलेसेमियामध्ये हिमोग्लोबिन बनविणाऱ्या जनुकात दोष असतो, तर सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. विदर्भ व नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. दोष मुळाशीच असल्यामुळे बाहेरून दिलेले रक्त काही आठवडेच पुरते. मूलपेशीच बदलल्या, तरच आजाराचे मूळ नाहीसे होते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली अस्थिमज्जा शिरेवाटे देण्याचे आपले पहिले अनुभव प्रसिद्ध केले. सुरुवातीचे रुग्ण वाचू शकले नाहीत. तथापि संशोधन थांबले नाही, आणि १९९० साली डॉ. थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. त्यानंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ पासून हे कार्य हाती घेतले.

प्रत्यारोपणाची प्रक्रिया

प्रत्यारोपण म्हटले की मोठी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात पेशी देण्याचा क्षण अगदी साधा असतो. रक्ताची पिशवी लावावी तशी पेशींची पिशवी शिरेवाटे दिली जाते आणि त्या पेशी आपली वाट आपणच शोधून अस्थिमज्जेत पोहोचतात. कठीण असते ते त्याच्या आधीचे व नंतरचे.

आधीचे सुमारे आठ-दहा दिवस तीव्र केमोथेरपी देऊन रुग्णाची जुनी मज्जा रिकामी केली जाते. त्यानंतर नव्या पेशी रुजेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे शरीराची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. हा काळ गाळलेल्या हवेच्या स्वतंत्र खोलीत काढावा लागतो. पुढे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर वा आतड्यांवर हल्ला चढविण्याची भीती असते. त्यासाठी अनेक महिने औषधे, वारंवार तपासण्या आणि पहिले शंभर दिवस केंद्राच्या जवळपास मुक्काम आवश्यक असतो. बालपणीच्या लसीसुद्धा पुन्हा द्याव्या लागतात.

पेशीदाता कोण?

दाता व रुग्ण यांचे एचएलए घटक जुळणे ही मुख्य अट होय. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के असते. चौकोनी कुटुंबाच्या या काळात अनेक मुलांना जुळणारे भावंड नसते, आणि पूर्वी त्यांची वाट तेथेच संपत असे.

मागील काही दशकांतील खरी प्रगती येथे झाली. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी नाळेतील रक्ताच्या साहाय्याने पहिले प्रत्यारोपण केले. त्यात बहिणीच्या नाळेतील रक्त तिच्या भावास देण्यात आले. पुढे अपरिचित दात्यांच्या नोंदवह्या जगभर उभ्या राहिल्या. चेन्नईतील 'दात्री' ही संस्था २००९ पासून भारतात असे कार्य करीत आहे. त्याहून महत्त्वाची म्हणजे अर्धजुळणीची पद्धत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धती विकसित केली. तिच्यामुळे निम्मी जुळणी असलेले आई किंवा वडीलही दाता होऊ शकतात. मात्र थॅलेसेमियात पूर्ण जुळणाऱ्या भावंडाइतकी खात्री अद्याप या मार्गाने देता येत नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

"धाकट्याच्या जिवाला तर काही होणार नाही ना?" हा आईचा प्रश्नही स्वाभाविक आहे. भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतली जाते. दात्यास काही दिवस दुखते, क्वचित अशक्तपणा येतो. घेतलेली मज्जा काही आठवड्यांत भरून निघते. भावंड स्वतः थॅलेसेमिया मायनर असले तरी ते दाता होऊ शकते.

नवे पेशी-उपचार

अलीकडे वृत्तपत्रांतून दोन नव्या उपचारांची चर्चा वाचावयास मिळते. पहिला कार-टी पेशींचा. यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची क्षमता देऊन त्या परत सोडल्या जातात. अमेरिकेत २०१७ साली त्यास प्रथम मान्यता मिळाली. मुंबईच्या आयआयटी व टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्यातून साकारलेल्या भारतीय कार-टी उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. परदेशातील किमतीच्या तुलनेत त्याचा खर्च पुष्कळ कमी आहे, ही अभिमानाची बाब होय. तथापि तो रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, थॅलेसेमियासाठी नव्हे.

दुसरा उपचार जनुक-संपादनाचा. रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांतील एका नियंत्रक जनुकात असा बदल केला जातो की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकलसेल व थॅलेसेमिया या दोहोंसाठी त्यास मान्यता दिली. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी व जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी दिली. यात दात्याची गरज नाही, मात्र तीव्र केमोथेरपी टळत नाही. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ती नाही.

खरी लढाई प्रत्यारोपणापूर्वीची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इटलीतील पेसारो येथे डॉ. गुइडो लुकारेल्ली यांनी १९८० च्या दशकात थॅलेसेमियाच्या अनेक मुलांवर प्रत्यारोपणे केली. यशापयशाचा अंदाज त्यांनी तीन बाबींवरून बांधला : यकृत किती वाढले आहे, यकृतात तंतुमयता आली आहे काय, आणि शरीरातील लोह काढणारे औषध नियमित घेतले गेले काय. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. साचलेले लोह यकृत व हृदय पोखरते. जुळणारे भावंड असलेले आणि उत्तम निगा राखलेले लहान मूल अनुभवी केंद्रात गेले, तर दहापैकी आठ-नऊ मुले थॅलेसेमियामुक्त होतात. उशिरा व लोहाने ग्रासलेल्या अवस्थेत गेलेल्या मुलाची संधी पुष्कळ कमी होते.

म्हणजेच, प्रत्यारोपणाचे यश दूरच्या केंद्रातील त्या खोलीत जितके ठरते, तितकेच ते त्याआधीच्या पाच-सात वर्षांत, आपल्यासारख्या रुग्णालयाच्या साध्या कक्षात ठरते. दर दोन ते चार आठवड्यांनी तपासलेले व पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त, लोह काढणाऱ्या गोळ्या, ठरावीक काळाने फेरिटिनची तपासणी आणि कावीळ-ब ची लस यांत छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. पण आपल्या देणगीचा मोठा भाग येथेच कामी येतो. गोळ्यांमध्ये पडलेला प्रत्येक महिन्याचा खंड पुढे त्या मुलाकडून वसूल होतो.

कुटुंबांना आमची विनंती

पहिली, निदान होताच भावंडांची एचएलए तपासणी करून घ्या. निर्णय नंतर घेता येईल, पण वय परत येत नाही. दुसरी, प्रत्यारोपणाचा विचार असेल तर आईवडील, भावंडे अथवा इतर जवळच्या नातलगांनी त्या मुलासाठी स्वतःचे रक्त देऊ नये. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात नातलगांच्या पेशींविरुद्ध प्रतिकार निर्माण होऊन पुढे प्रत्यारोपण नाकारले जाण्याचा धोका वाढतो. ममतेने दिलेले रक्त येथे अडचणीचे ठरते. रक्तपेढीत इतरांसाठी अवश्य रक्तदान करावे.

तिसरी, मूलपेशींच्या नावाने स्वमग्नतेपासून मधुमेहापर्यंत सर्व आजार बरे करण्याच्या जाहिरातींना भुलू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांवरील प्रत्यारोपण वगळता अशा उपचारांची विक्री करता येत नाही. बाळाचे नाळेतील रक्त खासगी पेढीत पैसे भरून ठेवण्याबाबतही विचार करावा. थॅलेसेमियाच्या बाळास त्याचे स्वतःचे रक्त उपयोगी नसते, कारण दोष त्यातही असतोच.

चौथी, विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या आरंभी थॅलेसेमिया मायनरची तपासणी करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

खर्चाबाबत, कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ पासून सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र मुलांना निवडक रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य दिले जाऊ लागले. योजनांचे निकष बदलत असल्याने कुटुंबांनी आमच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाशी संपर्क साधावा. दागिने वा जमीन विकण्यापूर्वी एकदा भेटावे, ही कळकळीची विनंती.

सर्वच मुलांना प्रत्यारोपण लाभेल, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. काहींना दाता मिळणार नाही, आणि काही कुटुंबे जोखीम जाणून घेऊन रक्तावरच राहण्याचा निर्णय घेतील. तो निर्णयही आदरास पात्र आहे. नियमित उपचारांवर वाढलेली मुले आज शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. नवा उपचार उद्या आवाक्यात आला, तर त्या दिवशी मूल त्यासाठी सुदृढ असले पाहिजे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. देणगीदारांच्या आश्रयाने हे व्रत अखंड चालावे, अशी नम्र प्रार्थना.