लॉग हवेत, डेटाबेस कशाला?

आज थोडं आरसिसलॉग या लिनक्सवरच्या लॉग नोंदवणाऱ्या प्रोग्रामबद्दल. तानसा, शहापूर, मुरबाडकडच्या शाळेत किंवा पतपेढीत जुन्या संगणकावर लिनक्स चालवत असाल तर हे कामाचं आहे.

रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तोच मुळी लॉग थेट मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये लिहिता यावेत म्हणून! आज मात्र तीच सोय ऐच्छिक आहे. सोर्सवरून बिल्ड करताना कॉन्फिगरला '--एनेबल-मायएसक्यूएल' सांगितलं नाही, तर त्या सोयीचं मॉड्यूल तयारच होत नाही. पोस्टग्रेसचंही तसंच.

डेबियनने पॅकेजही वेगळी ठेवली आहेत: मूळ 'आरसिसलॉग', आणि जोडीला 'आरसिसलॉग-मायएसक्यूएल' व 'आरसिसलॉग-पीजीएसक्यूएल'. डेटाबेसची क्लायंट लायब्ररी फक्त या जोडपॅकेजांना लागते, कारण मॉड्यूल प्रोग्राम चालू होताना लोड होतं. हे सगळं मूळ प्रोग्राममध्येच गुंफलं असतं, तर साध्या फाइलीत लॉग लिहिणाऱ्यालाही ती लायब्ररी आणि तिचे सुरक्षा अपडेट गळ्यात पडले असते. जेवायला दोघं आणि पंगतीची भांडी, असला कारभार!

जोडपॅकेज घेतलं की इन्स्टॉल होतानाच डेटाबेस तयार करायचा का, असं विचारतं. हो म्हणालात तर नोंदी 'सिस्टमइव्हेंट्स' नावाच्या टेबलात जातात. पंचवीस-तीस मशीनचे लॉग एकत्र शोधायचे असतील तर जरूर घ्या. एक-दोन मशीनसाठी माझं स्पष्ट मत: 'ग्रेप' कमांड पुरे.

सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेलं आहे. तेव्हा ते वापरणाऱ्यांनी आपल्याकडे कोणती पॅकेजं बसली आहेत, ते तपासून कॉमेंटमध्ये सांगा.