मधला स्पीकर लागतोच का?

घरी सिनेमा बघताना आजी दर पाच मिनिटांनी विचारते, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवावा, तर मारामारीच्या दृश्यात खिडकीची तावदानं थरथरतात. ही अडचण बरीचशी दूर करतो तो मधला, म्हणजे सेंटर स्पीकर.

५.१ रचनेत पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरकडे जातात. कल्पना जुनीच आहे. १९४० साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा अशी ध्वनियोजना केली होती.

मधला स्पीकर नसला, तरी संवाद हरवत नाहीत. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही’ निवडलं, की ते डाव्या-उजव्या स्पीकरांत समान वाटले जातात. दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसणाऱ्याला आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानावर मात्र जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पडतो. नायिका दिसते मधोमध आणि बोलते कोपऱ्यातून.

म्हणून एकट्याने, बरोबर समोर बसून बघणार असाल, तर दोन चांगले स्पीकर पुरेत. घरचे सगळे मिळून बघत असाल, तर मधला जरूर घ्या. तो शक्यतो इतर दोघांच्याच मालिकेतला असावा, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलू नका. कडेशी आणून तोंड कानांच्या दिशेने किंचित वर करा. मग फक्त त्याचाच आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवून पाहा. आजीला संवाद नीट ऐकू येतील.