पाच रुपयांची पुडी आणि घरातला डबा



सकाळचं दूध डेअरीला जातं आणि लेकरू चहा-बिस्किट खाऊन शाळेत जातं. कडा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी घरांत हेच चालू आहे. मधल्या सुट्टीत पाच रुपयांची पुडी, संध्याकाळी पुन्हा दुसरी पुडी. गटाच्या बैठकीत हा विषय काढला की तुम्ही म्हणता, "सगळं कळतं गं, पण करायला वेळ कुठंय?"

तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुडी घरात येते ती बाईच्या आळसामुळे नाही. जनावरं, पाणी, स्वयंपाक, रोजगार यात ती हाताशी असते म्हणून येते. म्हणून पर्यायसुद्धा तसाच हाताशी असलेला पाहिजे. बाईचं काम वाढवणारा पर्याय चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी पुन्हा पुडी.

पाकिटातलं सगळंच वाईट का?

नाही. गिरणीतून दळून आणलेलं पीठ, भरडलेली डाळ, दही, पापड यांच्यावरही प्रक्रिया झालेलीच असते, पण त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. काळजी करायची ती मैदा, साखर, पामतेल, मीठ आणि वरून रंग-वास घालून कारखान्यात बनवलेल्या खाण्याची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या. असं अतिप्रक्रिया केलेलं खाणं कमी करा, ही त्यातली एक.

ओळखायचं कसं? पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. जे जास्त वजनाचं ते आधी लिहायचं, असा नियम आहे. अक्षर बारीक आणि बहुतेक वेळा इंग्रजी असतं, म्हणून शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर, तेल आलं, किंवा आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसतात अशी नावं पुढे आली, तर ते रोजचं खाणं नाही.

पुडी स्वस्त वाटते, पण आहे का?

पुडीवर वजन बघा. समजा पाच रुपयांत २० ग्रॅम आलं, तर किलोचा भाव झाला २५० रुपये. शेंगदाणे किलोला दीडशे धरले तरी पाच रुपयांत ३३ ग्रॅम येतात, आणि त्यात निम्मी हवा भरलेली नसते! शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिनं असतात. पुडीत मुख्यतः पीठ, तेल आणि मीठ.

थंड पेयाचंही तसंच. २०० मिलीच्या गोड बाटलीत साधारण २० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलीतच ती जवळपास संपते.

काय बदलता येईल?

*सकाळी:* डेअरीला दूध घालण्याआधी लेकरासाठी एक कप बाजूला काढा. सोबत रात्रीची भाकरी कुस्करून द्या, किंवा भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. वेगळी चूल पेटवायची गरज नाही.

*मधल्या सुट्टीला:* बाजारच्या दिवशी फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे आणा आणि एका डब्यात एकत्र करून ठेवा. डबा लेकराचा हात पोहोचेल तिथे ठेवा. मागितल्यावर उठावं लागलं नाही तरच तो पुडीची जागा घेईल.

*शेतात:* बाटलीऐवजी ताक किंवा लिंबूपाणी.

*फडावर:* ज्या ताया ऊसतोडीला जातात त्यांनी निघण्याआधी जवसाची, कारळाची कोरडी चटणी आणि तीळ-शेंगदाण्याचे लाडू करून घ्यावेत. चार घरच्या बायकांनी एकत्र बसून केले तर एका दुपारचं काम. कोपीवर पहाटे उठल्यावर नुसत्या चहा-बिस्किटावर कोयता चालवायची वेळ येणार नाही.

दोन गोष्टी जपा. लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. आणि गूळ म्हणजे औषध नाही, तीही साखरच. शुगर असलेल्यांनी लाडू जपूनच खावेत.

आणि तुमचं स्वतःचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं आणि दुपार चहा-खारीवर काढायची, अशाने पोट भरतं, रक्त भरत नाही. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी आणि वरून लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह नीट लागत नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. रक्त तपासून घ्या. कमी असेल तर दवाखान्यातल्या गोळ्याही लागतीलच, नुसत्या खाण्यावर थांबू नका.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीला चहासोबत बिस्किटाचा पुडा नको. एकेका महिन्याला एकेक ताई फुटाणे-शेंगदाणे आणेल, तसा ठराव लिहून ठेवा. ज्या तायांचं दुकान आहे त्यांनी पुड्यांच्या माळेशेजारी फुटाण्याची, राजगिऱ्याच्या लाडवांची बरणी ठेवून बघा. पाच रुपये घेऊन आलेल्या लेकराला निवड तरी मिळेल. गटाला लाडू-चटण्या विकायच्या असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, त्यासाठी बैठकीत मला विचारा.

पुडी एकदम बंद होणार नाही, जत्रेत-लग्नात खाल्ली तर बिघडतही नाही. रोजची आहे ती आठवड्यातून एकदा आली तरी पुष्कळ झालं. महिनाभर घरातला डबा चालवून बघा आणि पुडीचे किती पैसे वाचले ते बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. पुढच्या बैठकीत आकडे मांडू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, कडा