महास्फोट आणि पाद्रीबाबा

मुलांनो, ‘हे जग झालं कसं?’ असं आजीला विचारलंत तर ती देव्हाऱ्याकडे बोट दाखवील. विज्ञानाच्या बाईंना विचारलंत तर त्या महास्फोटाचं सांगतील. मग खरं कोण? या प्रश्नावरून जगभर कडाक्याची भांडणं झाली आहेत. पण गंमत ऐका. महास्फोटाची कल्पना प्रथम मांडली ती एका पाद्र्यानं!

त्यांचं नाव जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियममधला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले, १९२३ मध्ये धर्मगुरू झाले, पण गणित काही सुटलं नाही. १९२७ साली त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं, की विश्व प्रसरण पावतंय. आइन्स्टाइनना ते मुळीच रुचलं नाही! पुढे १९२९ मध्ये हबल यांच्या निरीक्षणांतून दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताहेत असं दिसलं. मग लमेत्र म्हणाले, हाच चित्रपट उलटा फिरवा. सगळं जवळ जवळ येत शेवटी एका ‘आदिम अणू’त मावेल. तीच सुरुवात! हे साल १९३१.

सुरुवात म्हटली, की इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या कपाळाला आठी पडायची. ते देव मानत नसत. विश्वाला आरंभच नाही, असा सिद्धांत त्यांनी १९४८ मध्ये मांडला. ‘बिग बँग’ हा शब्दही त्यांचाच, १९४९ मध्ये रेडिओवर वापरलेला. आपले जयंत नारळीकर या हॉइल यांचेच विद्यार्थी बरं का! महास्फोटाबद्दलच्या शंका नारळीकरांनीही कधी सोडल्या नाहीत.

१९५१ मध्ये खुद्द पोपनी भाषणात सुचवलं, की विज्ञानानंच आता देवाच्या निर्मितीची साक्ष दिली. लमेत्र खूश झाले असतील? छे! ते अस्वस्थ झाले. आपल्या सिद्धांतात धर्माचा प्रश्नच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि बघा, देवाला सिद्धांताच्या खुंटीवर टांगलं आणि उद्या खुंटीच निखळली तर? पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

निकाल लागला तो मात्र मोजमापानं. अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात १९६४ पासून एक खरखर येत होती. जाता जाईना. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. बिचाऱ्यांनी शिटसुद्धा खरवडून काढली. खरखर तशीच! आकाशाच्या प्रत्येक दिशेनं येणारं ते प्रारण निघालं, विश्वाच्या तप्त बालपणाचं. आता थंड होत होत उणे २७० अंशांवर आलेलं. १९६५ मध्ये हे जाहीर झालं. आज विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं धरतात.

लमेत्र तेव्हा आजारी होते. १९६६ च्या जूनमध्ये त्यांच्या सहकाऱ्यानं ही बातमी त्यांना दवाखान्यात सांगितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाद्रीबाबा गेले.