सेंद्रिय जमिनीतील खत आणि वाफसा : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सेंद्रिय शेतीविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात खताचे विवेचन एका प्रकरणात आणि पाण्याचे विवेचन दुसऱ्या प्रकरणात केलेले आढळते. रासायनिक खताच्या बाबतीत ही विभागणी काही अंशी चालून जाते. कारण युरिया पाण्यात विरघळतो आणि थोड्याच दिवसांत मुळांना उपलब्ध होतो. शेणखताचे तसे नाही. त्यातील नत्राचा बहुतांश भाग सेंद्रिय संयुगांत बांधलेला असतो. तो मोकळा करण्याचे काम जमिनीतील सूक्ष्म जीव करतात आणि हे जीव ओलाव्यावाचून काम करीत नाहीत. म्हणून सेंद्रिय जमिनीत पिकाला पाणी देणे व पिकाला जेवू घालणे या दोन क्रिया नसून एकच क्रिया आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धाराशिव जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात या मुद्द्याकडे झालेले दुर्लक्ष शेतकऱ्यांस महागात पडते. सेंद्रिय पद्धत करून पाहिली आणि ती फसली, असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत खत कमी पडलेले नसते, तर खताच्या थरातील ओल कमी पडलेली असते.

वाफसा म्हणजे काय ?

'रानाला वाफसा आला' हा शब्दप्रयोग आपल्या भागात लहान मुलासही ठाऊक असतो. जमिनीच्या पोकळ्यांमध्ये पाणी व हवा यांचे योग्य प्रमाण असण्याची ही स्थिती होय. मृदाशास्त्रातील मापन याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. पोकळ्यांपैकी साधारणतः ६० टक्के भाग पाण्याने व उरलेला हवेने व्यापलेला असताना कुजविणाऱ्या जीवांची क्रिया सर्वाधिक वेगाने चालते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. ओल याहून बरीच कमी झाली की ते जीव सुप्तावस्थेत जातात. पाणी याहून अधिक झाले की प्राणवायू संपतो आणि तयार झालेला नत्र वायुरूपाने उडून जाऊ लागतो. शेतकऱ्याने मूठभर माती दाबून, तिचा लाडू होतो की भुगा होतो हे पाहून घेतलेला अंदाज म्हणजे याच स्थितीची परीक्षा आहे. तिला अडाणीपणाची रीत मानण्याचे कारण नाही.

दुसरी बाब कर्ब व नत्र यांच्या गुणोत्तराची. चांगल्या कुजलेल्या शेणखतात हे गुणोत्तर २० : १ च्या आसपास असते, तर गव्हाच्या काडात ते ८० : १ पर्यंत जाते. ते २५ ते ३० च्या वर असल्यास सूक्ष्म जीव स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतीलच नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. अर्धवट कुजलेले खत टाकण्याचा हा तोटा आहे; शिवाय अशा खताबरोबर हुमणीही शेतात येते, ती गोष्ट वेगळी.

जिल्ह्याची जमीन :

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील जमीन मुख्यतः बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. बालाघाटाच्या माथ्यावर व उतारावर ती मुरमाड, उथळ आहे. तेरणा, मांजरा व सीना यांच्या खोऱ्यांत ती खोल व काळी आहे. एक मीटर खोलीची काळी जमीन पिकास उपलब्ध होईल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एक फूट खोलीच्या मुरमाड जमिनीत हे प्रमाण जेमतेम ४० मिलिमीटर भरते. फुलोऱ्यातील सोयाबीन दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेते, असे धरल्यास माळरानावरील पीक आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत संकटात येते, हे साध्या भागाकारानेही कळते.

मात्र भारी जमिनीतील अडचण अधिक फसवी आहे. खत वरच्या चार-सहा इंचांत मिसळलेले असते आणि ऊन पडताच प्रथम हाच थर कोरडा होतो. मुळे खाली उतरून दीड-दोन फुटांवरील ओल घेतात, त्यामुळे पीक सुकत नाही. परंतु अन्न वरच्या कोरड्या थरात अडकून पडलेले असते. पीक तहानलेले नसते, पण उपाशी असते. अशा वेळी पाने पिवळी पडलेली पाहून शेतकरी पुन्हा खत टाकतो किंवा दुकानातून एखादी बाटली आणून फवारतो. भारताच्या नोंदींनुसार १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ साली झाला. त्या वर्षी मराठवाड्यातील अनेक शिवारांत जे पाहावयास मिळाले, त्याचा काही भाग तरी याच प्रकारचा होता.

या संदर्भात घरचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. २०१८ च्या खरिपात आमच्या शेताच्या एका पट्ट्यात दोन गाड्या शेणखत अधिक टाकून त्यावर मका पेरला होता. पावसाने दगा दिला. पट्ट्यातील व बाहेरील मक्यात काहीही फरक दिसला नाही आणि वडिलांनी 'पुस्तकी शेती' असा शेरा मारला. २०१९ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगला पाऊस झाला. त्यानंतर पेरलेल्या रब्बी ज्वारीत मात्र तो पट्टा बांधावरून ओळखू येईल इतका हिरवागार होता. खत वाया गेले नव्हते; ते सव्वा वर्ष ओलीची वाट पाहत राहिले होते.

कोरड्या जमिनीला पुन्हा ओल मिळताच सूक्ष्म जीवांची क्रिया एकदम उसळी घेते व थोड्या दिवसांत बराच नत्र मोकळा होतो. पूर्व आफ्रिकेतील जमिनींवर काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली ही घटना मांडली. ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीने रान हिरवे होते, त्यामागे हेही एक कारण आहे. यावरून व्यवहारात असे निघते की, उघडिपीत संरक्षित पाणी द्यावयाचे तर ते २० ते २५ मिलिमीटर, शक्यतो तुषार संचाने द्यावे. वरचा थर भिजणे हाच हेतू असतो. शेत तुडुंब भरल्यास मोकळा झालेला नत्र मुळांच्या खाली वाहून जातो, आणि भेगाळलेल्या काळ्या जमिनीत तर पाणी प्रथम भेगांतूनच खाली उतरते. त्यापूर्वी एक कोळपणी करून भेगा बुजविणे म्हणूनच हिताचे असते.

जीवामृताचा हिशेब :

सुभाष पाळेकर यांच्या प्रचाराने जीवामृत घरोघर पोहोचले. त्याविषयी श्रद्धा व उपहास अशी दोनच टोके दिसतात. हिशेब क्वचितच मांडला जातो. एका एकरासाठी सांगितल्या जाणाऱ्या २०० लिटर मिश्रणात १० किलो शेण, १० लिटरपर्यंत गोमूत्र, २ किलो गूळ व २ किलो बेसन असते. शेणातून ३० ते ५० ग्रॅम, गोमूत्रातून सुमारे १०० ग्रॅम व बेसनातून सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० ते २२० ग्रॅम नत्र मिळते. एक टन ज्वारीचे धान्य जमिनीतून किमान १५ किलो नत्र घेऊन जाते. तेव्हा जीवामृत हे अन्न नव्हे. त्याला फार तर विरजण म्हणता येईल, आणि विरजण लावण्यास आधी दूध असावे लागते. ज्या जमिनीत शेणखत नाही, पालापाचोळा नाही, तेथे केवळ विरजणावर पीक उभे राहणार नाही.

याउलट हेक्टरी ५ टन शेणखतातून सुमारे २५ किलो नत्र जमिनीत जाते. पहिल्या हंगामात त्यातील चौथा ते तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या उस्मानाबादी शेळीचे लेंडीखत वजनास वजन शेणखतापेक्षा कितीतरी अधिक नत्र देते. परंतु त्या लेंड्या कोरड्या राहिल्या तर वर्षभर तशाच टणक पडून राहतात. धनगरांकडून रानात मेंढ्या बसवून घेण्याच्या जुन्या प्रथेत मूत्रही जमिनीतच मुरते, हा तिचा विशेष.

ठिबकाखालील खत :

द्राक्षबागांत ही चूक सर्वाधिक दिसते. खरड छाटणीच्या सुमारास, म्हणजे ऐन एप्रिलच्या उन्हात, खत ओळीच्या दोन्ही बाजूंस पसरले जाते आणि ठिबकाची तोटी मात्र खोडाजवळ वर्तुळाकार भाग तेवढा भिजविते. वर्तुळाबाहेरील खत पावसाळ्यापर्यंत निष्क्रिय राहते. खत तोटीखालील ओल्या भागात देऊन त्यावर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचा भुसा अंथरल्यास कमी खतात अधिक काम होते. पाणी रोज थोडे द्यावे की अंतराने अधिक, याचे उत्तर जमिनीप्रमाणे बदलते. मुरमाड जमिनीस थोडे व वारंवार मानवते; भारी जमिनीत वाफसा येईपर्यंत थांबणेच योग्य. महाविद्यालयाच्या आवारातील कुंड्यांबाबतही हेच खरे आहे. आपले विद्यार्थी सर्व कुंड्यांना रोज एकाच वेळी एकसारखे पाणी घालतात; कुंडी हलकी उचलून तिचे वजन पाहण्याची सवय त्यांना लावल्यास प्रयोगशाळेबाहेरचा एक चांगला पाठ होईल.

पुरानंतरची जमीन :

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम या तालुक्यांत प्रश्न उलटा झाला. नदीकाठची जमीन खरडून गेली आणि सुपीक थराबरोबर पिढ्यांचे खतही गेले. अशा ठिकाणी तलावातील गाळ पसरण्याचा सल्ला दिला जातो. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे ही कल्पना सर्वांस परिचित आहे. गाळ पाणी धरतो, हे खरे; परंतु तो एकटाच घातला तर पाण्याने चिखल व उन्हाने ढेकूळ होतो, वाफसा काही धरत नाही. गाळाबरोबर कुजलेले शेणखत मिसळणे आवश्यक आहे. पहिल्या पावसावर ताग पेरून तो ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्यावर येताच गाडावा. त्यास उशीर झाल्यास खोड लाकडासारखे होते आणि वर सांगितलेले गुणोत्तर बिघडते. शिवाय गाडल्यानंतर तीन-चार आठवडे जमिनीत ओल टिकेल असा हिशेब ठेवूनच पेरणीची तारीख धरावी लागते. ऑक्टोबरच्या कोरड्या जमिनीत गाडलेला ताग पुढील मृगापर्यंत काडीच्याच रूपात सापडतो.