मावळतीचे ग्रहण आणि आपले डोळे

२५ ऑक्टोबर २०२२ चे सूर्यग्रहण बहुतेकांच्या लक्षात राहिले ते दिवाळीमुळे. २४ तारखेला लक्ष्मीपूजन झाले, पाडवा आणि भाऊबीज दोन्ही २६ ला आली आणि मधला मंगळवार ग्रहणाने घेतला. मुंबईच्या वेळेप्रमाणे दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांनी स्पर्श झाला, पावणेसहाच्या सुमारास सूर्यबिंबाचा जवळजवळ पाव भाग झाकला गेला आणि ६ वाजून ८ मिनिटांच्या आसपास तसाच कोरलेला सूर्य मावळला. ग्रहण सुटलेले दिसलेच नाही. पंचांगात अशा ग्रहणाला ग्रस्तास्त म्हणतात. भिवंडी तालुक्यातल्या वडपे गावी आणि मुंबईत या वेळांचा फरक पडतो तो फार तर एखाद्या मिनिटाचा.

आता वाचक विचारतील, ग्रहण होऊन गेले, मग आज त्याचे काय? कारण असे की, २ ऑगस्ट २०२७ रोजी पुन्हा सूर्यग्रहण आहे. ते भारतातून खंडग्रास दिसेल आणि आपल्याकडे तेही दुपारनंतरचेच. शिवाय कललेल्या सूर्याच्या ग्रहणाबद्दल आपल्या मनात एक समजूत पक्की बसलेली आहे, "मावळता सूर्य मऊ असतो, त्याच्याकडे बघितले तर काही होत नाही." डोळ्यांचे नुकसान करणारी समजूत ती हीच.

मावळतीचा प्रकाश कमी होतो हे खरे. सूर्य डोक्यावर असताना त्याचे किरण हवेच्या जेवढ्या थरातून येतात, त्याच्या कितीतरी पट जास्त हवा त्यांना मावळतीला पार करावी लागते. पण हा मऊपणा अगदी शेवटच्या काही मिनिटांचा असतो. त्या दिवशी ग्रहण लागले तेव्हा सूर्य क्षितिजापासून सुमारे सतरा अंश वर होता. हात लांब करून मूठ धरली तर जवळजवळ पावणेदोन मुठी. पावसाळा सरल्यावरच्या स्वच्छ हवेत तो सूर्य काही मऊ नव्हता. पावणेसहाला तो पाच अंशांवर आला. वडप्याहून भिवंडीच्या अंगाला, महामार्गाची धूळ आणि गोदामांची रांग यांच्या वर, तो तांबूस दिसला असेल. रंग तांबूस झाला म्हणजे किरण निर्धोक झाले असे मात्र नाही. डोळ्यांना न दिसणारी उष्ण किरणे त्यातूनही येतच असतात.

दुसरी गोष्ट, चंद्राने पाव सूर्य झाकला म्हणून उरलेला पाऊण सूर्य सौम्य होत नाही. त्याचा प्रत्येक भाग पूर्वीइतकाच प्रखर असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, त्याची कोरीव प्रतिमा पडते आणि जिथे पडते तिथे इजा करते. ती जागा नेमकी मध्यावरची, वाचायला आणि माणसाचा चेहरा ओळखायला लागते तीच. एरवी भगभगीत उजेडात डोळे आपोआप मिटतात. सांजवेळी बाहुली मोठी झालेली असते आणि डोळे मिटावेसेही वाटत नाहीत.

यातली खरी फसवणूक अशी की, दुखत नाही. रेटिनाला वेदना कळत नाहीत. मुले पाच मिनिटे टक लावून बघतात, घरी येऊन फराळ करून झोपतात आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते की, वाचताना मधले अक्षर दिसत नाही. नजरेच्या मध्यावर काळपट ठिपका, सरळ रेघा वाकड्या, रंग फिके, ही त्याची लक्षणे. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन पाहावेत, मग दुसरा झाकून. फरक वाटला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. गुलाबपाणी, मध, दुकानातून आणलेले थेंब यांचा काही उपयोग नाही. खरे सांगायचे तर खात्रीचे औषध डॉक्टरांजवळही नाही. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, काहींच्या नजरेत तो ठिपका कायमचा राहतो. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग जास्त नितळ असते, म्हणून त्यांना धोकाही जास्त.

आपल्याकडचे घरगुती उपायही एकदा तपासून घ्यावेत. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, जुनी सीडी, यातले काहीही चालत नाही. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या बॉडीचे काम करणाऱ्यांकडे वेल्डिंगची काच सहज मिळते, पण ती बहुधा दहा-अकरा नंबरची असते. सूर्यासाठी चौदा नंबर लागतो. परातीत हळदीचे किंवा शेणाचे पाणी घेऊन त्यात ग्रहण बघण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. सूर्य माथ्यावर असताना पाणी त्याचा शेकडा दोन भाग उजेडच परत पाठवते. तेवढाही थेट बघण्यासारखा नसतो. सूर्य पाच अंशांवर आला की तेच पाणी निम्म्याहून अधिक उजेड परत पाठवते. म्हणजे संध्याकाळच्या ग्रहणाला परात जवळजवळ आरसाच होते.

मावळतीच्या ग्रहणाची एक सोय मात्र आहे. किरण आडवे येतात, त्यामुळे ते सरळ घरात घेता येतात. पश्चिमेच्या खिडकीला पुठ्ठा लावून त्याला दाभणाने भोक पाडावे आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावावा. तीन मीटरवर पावणेतीन सेंटीमीटरचे सूर्यबिंब पडते आणि त्याला पडलेली खोच स्वच्छ दिसते. सूर्याकडे पाठ करून घरातल्या सगळ्यांनी एकदम बघावे. थेटच बघायचे असेल तर आयएसओ १२३१२-२ असा शिक्का असलेला ग्रहणचष्मा घ्यावा. त्यावर ओरखडा किंवा छिद्र असेल तर तो फेकून द्यावा.

जाता जाता महामार्गावरच्या चालकांसाठी. वडप्याहून माजिवड्याकडे निघाले की गाडीचे तोंड नैऋत्येला असते आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी सूर्य समोर थोडा उजवीकडे येतो. ग्रहण बघायचे तर गाडी रस्त्याबाहेर नेऊन उभी करावी. चाकावर बसून वर बघू नये.

राहता राहिले वेध. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात आणि ग्रस्तास्त असेल तर दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब पाहूनच जेवावे, अशी रूढी आहे. म्हणजे दिवस-रात्रीहून मोठा उपास. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने तो केला तर साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. गरोदर बाईला उपाशी आणि पाण्यावाचून ठेवणे तर तिच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळ आहे. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. भाजी चिरली, सुई हातात घेतली तरी येत नाही. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगकर्तेसुद्धा वेधात सवलत देतात, ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी आठवणीने द्यावी. इन्सुलिनची वेळ आणि जेवणाची वेळ त्या दिवशीही रोजचीच ठेवावी, आणि काही बदल करायचाच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.